सांबारवडीचा माणूस

अमेरिकेत कुठेशी भाऊबंदकीची लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटेल. वाटू द्या. त्या दिवसांत अमरावतीत खरं आणि खोटं एकाच बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरून यायचं आणि एकाच भावानं जायचं.

कापसाच्या बंड्यांनी रस्ते असे बुजले होते, की एका वेशीवर निघालेलं मांजर बंड्यांवरून उड्या मारत दुसऱ्या वेशीवर उतरे, जमिनीला पाय न लावता. न्हावी सापडत नसे, कारण तो दलाल झालेला. त्यामुळे सगळं शहर दिसे बैराग्यासारखं आणि वागे नवरदेवासारखं. आणि मरायला तर कोणालाच सवड नव्हती. खाटेला खिळलेले म्हातारे उठून बसत, "यंदाचा भाव पाहून जातो," म्हणत, आणि भाव चढतच राही. म्हातारे बसलेलेच.

यात पंचाईत झाली ती एकट्या वामनराव मास्तरांची. कारण त्यांना एक प्रेत पाहिजे होतं.

तसा माणूस गरीब. माळ्याच्या घरातला. बापाची अमरावतीबाहेर वांग्या-सांबाराची वाडी. (कोथिंबिरीला वऱ्हाडात सांबार म्हणतात, हे पुण्याकडच्यांसाठी सांगितलं, बाकीच्यांनी पुढे चलावं.) कोण्या एका नादात वामनराव मुंबईला गेले, तिथल्या इस्पितळात डाक्तरी शिकले आणि परत आले तर सरकारनं त्यांच्या हातात देवी टोचायची सुई दिली, बुडाखाली एक चावरं तट्टू दिलं आणि मेळघाटात धाडून दिलं. तट्टू गावाच्या शिवेत शिरलं की पोरं झाडावर, बाया कुडामागे. एका गावात तर खुद्द पाटीलच कणगीत लपला आणि वामनराव जाईपर्यंत आतून "पाटील घरी नाई" असं सांगत राहिला. कित्येक वर्षं वामनरावांनी माणसांच्या पाठीच पाहिल्या.

मग सरकारच्या मनात आलं, की अमरावतीच्या दवाखान्यात वऱ्हाडातलीच चार-पाच पोरं शिकवून डाक्तर करावीत. शिकवायला वामनराव. दवाखान्याच्या ओसरीवर वर्ग भरला आणि पहिल्याच दिवशी वामनरावांना कसंतरीच झालं. माणसं त्यांच्याकडे चालत येत होती! समोर बसत होती, तोंडाकडे पाहत होती. त्या रात्री त्यांनी पार्वताबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, तीनदा सांगितलं, "आज कोणी पळालं नाई वं."

पण वर्ग होता एका सालाच्या बोलीवर. अकोल्याला एक साहेब होता, तो पौषात परीक्षा घेणार. पोरं पास झाली तर वर्ग राहील. नाही तर वर्ग बंद, आणि वामनराव पुन्हा तट्टावर. परीक्षेत मोठा विषय एकच, आडवा छेद.

आडवा छेद म्हणजे काय, तर साहेबाचं म्हणणं असं, की माणूस उभा चिरला तर काळीज, पोट, आतडी एकाखाली एक दिसतात. दिसू द्या. पण बाजारात भांडण होऊन कोणी कोणाच्या बरगडीखाली सुरा खुपसला, तर तो उभा जात नाही. आडवा जातो. वाटेत त्याला कोण कोण भेटलं, हे कळायचं तर माणूस मुळ्यासारखा आडवा कापून एकेक चकती पाहिली पाहिजे. थंड मुलखातले डाक्तर प्रेत बर्फात गोठवतात आणि करवतीनं चकत्या पाडतात. वऱ्हाडात बर्फ पडतो तो गारपिटीचा, आणि तो पाहून गोठतो फक्त शेतकरी.

शिवाय पोरांच्या घरच्यांनी आधीच बजावलं होतं, मुडद्याला हात लावला तर घराचं दार बंद. आणि मुडदा तरी होता कुठे? वर सांगितलंच.

मग वामनरावांनी बापाच्या वाडीतून दुधी आणला, कापला. काकडी कापली. केळीचं खोड कापलं. पोरं पाहत राहिली.

"मास्तर," जानराव म्हणाला, "काकडीच्या आत काकडीच निंगते."

हा जानराव दर्यापूरकडचा, काळ्या मातीच्या मोठ्या घरातला. अंगानं असा, की ओसरीवर बसला की उरलेल्यांना पायरीवर बसावं लागे. मनानं निर्मळ, डोकंही बरं, पण त्याचं लक्ष पोटातून डोक्यात जायचं, डोक्यातून पोटात नाही. दुसरा चंद्रभान, चपळ, पाणीदार डोळ्यांचा. तो वर्गात निम्मा आणि कापसाच्या बाजारात निम्मा. उरलेले तिघे चंद्रभान जिकडे जाईल तिकडे. तेव्हा वर्ग म्हणाल तर बहुतेक वेळा जानराव आणि काकडी.

एक दिवस वामनराव असेच हताश होऊन जेवायला बसले. ताट वाढलेलं. डावीकडे जवसाची चटणी, उजवीकडे वांग्याचं भरीत आणि मधोमध सांबारवडी. बेसनाच्या पोळीवर सांबार, खोबरं, खसखस पसरून गुंडाळी केलेली, तिचे आडवे तुकडे केलेले. वामनरावांनी एक तुकडा उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबले. बाहेर कातडं. आत चरबी. मध्ये सगळा ऐवज. आरपार दिसत होतं.

"काहो," पार्वताबाई म्हणाल्या, "वडीत केस हाय का?"

"केस नाई. माणूस हाय."

पार्वताबाईंनी पळी खाली ठेवली.

मग वामनरावांनी समजावून सांगितलं आणि पार्वताबाईंनी ऐकून घेतलं, म्हणजे मधेमधे "हं" म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "मी माणूस रांधत नाई. आमच्या घराण्यात कोणी रांधला नाई."

"माणूस नाई वं. वडीच हाय. फक्त जराशी लंबी."

"किती लंबी?"

वामनराव स्वयंपाकघरात चुलीसमोर आडवे झाले आणि म्हणाले, "एवढी."

पार्वताबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तोंड नाई करणार," त्या म्हणाल्या. "मानेपर्यंतच. तोंड केलं का थो बोलन, अन् पह्यले मलेच विचारीन, मीठ कमी काहून टाकलं."

"नको करू तोंड."

"अन् तळणार नाई. माणूस तळला म्हणून लोक मले नावं ठेवतीन. उकडून देतो."

असा सौदा ठरला. उकडायला रंगाऱ्याची कढई आणली. रंगारी कापसाचा व्यापारी झाल्यामुळे ती आडवी पडून तिच्यात कोंबडी अंडी घालत होती. वाडीतला सांबार बंडीभर आला. आणि दोघं नवरा-बायको माणूस रचायला बसली. पाठीचा कणा म्हणून शेवग्याची शेंग. कापली की आत पांढरं बी दिसतं, तोच कण्यातला मज्जारज्जू. कण्यासमोर एक लाल मिरची किंचित डावीकडे, ती काळजातून निघणारी महाधमनी. तिच्या उजवीकडे हिरवी मिरची, ती काळजाकडे परतणारी महानीला. फुप्फुसं मुरमुऱ्यांची, कारण त्यांत हवाच जास्त. काळीज म्हणजे एक भरलं वांगं. उजवीकडे यकृत, त्याला वांग्याच्या भरिताचा मोठा गोळा. डावीकडे पुढे जठर, त्याला मसाला भरलेलं कारलं. डावीकडेच मागे पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिला जवसाच्या चटणीचा लहान गोळा.

"हे तं ताटच झालं," पार्वताबाई म्हणाल्या. "भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे."

वामनरावांना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. ज्या पोराला उभ्या जन्मात यकृताची बाजू लक्षात राहणार नाही, त्यालाही ताटाची बाजू कोणी शिकवावी लागत नाही. ती आईच्या मांडीवरच येते.

दुसऱ्या दिवशी वर्गात माणूस कापला. वास बाजारापर्यंत गेला आणि चंद्रभान एक सौदा अर्धवट टाकून आला, उरलेल्या तिघांसकट. कापायचं मानेकडून, ही मास्तरांची शिस्त. प्रत्येकाच्या ताटात एक चकती. कणा आपल्या पोटाकडे, बेंबी समोर.

"म्हणजे असं समजा बाप्पा," वामनराव म्हणाले, "का तुमी आपल्याच मानेतून खाली पोटात डोकावून राह्यले. तुमचं उजवं ते त्याचं उजवं."

आणि नियम एकच. ज्याचं नाव सांगता येईल तेच खायचं. दुसऱ्या आठवड्यात दुसरा माणूस आला, तोवर पोरं चकत्या निवडू लागली होती.

"मास्तर, मले छातीची चकती नका देऊ," जानराव म्हणाला. "मुरमुऱ्यानं काय होते? पोटाची द्या."

"पह्यले छातीची नावं सांग. मग पोटात ये."

"हे फुप्फुस. हेही फुप्फुस. हे काळीज, मसाला बरा हाय. आता येऊ का पोटात?"

"कण्यासमोरची लाल?"

"महाधमनी. थिले हात नाई लावत मी. मागच्या माणसाच्या लावला होता, रातभर झोप नाई."

असं शिक्षण मुंबईत झालं नाही, विलायतेत झालं नाही. पोरं पहाटे दवाखान्याच्या दारात उभी राहू लागली. चंद्रभाननं दलाली सोडली. माणूसही दर आठवड्याला मोठा होत गेला, कारण पार्वताबाईंना आता स्वतःचाच राग येई: "मागच्या माणसाचं जठर ढिलं झालं होतं." वामनराव रात्री अंथरुणावर पडले की त्यांना पोरांचे चेहरे दिसत, आणि त्यामागे, लांब डोंगरात, ते तट्टू दिसे. चरत असे आणि मधूनच मान वर करून पाही.

पौष उजाडला. अकोल्याला निघायचं म्हणून पार्वताबाईंनी शेवटचा माणूस केला, शिदोरी म्हणून आणि उजळणी म्हणूनही. यावेळी पायही केले. पांढऱ्या धोतरात गुंडाळला, सुतळीनं बांधला, नत्थुजी बंडीवाल्याच्या बंडीत लांबच्या लांब ठेवला. उशाशी वामनराव बसले, नत्थुजीच्या पाठीला पाठ लावून, डोळे मिटून परमेश्वराचं नाव घेत. पायथ्याशी पाच पोरं.

आता रस्त्यानं जे झालं ते ऐका. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत कापसाच्या बंड्यांची रांग. त्या दिवसांत लाटसाहेबाला कोणी वाट देत नसे. पण ही बंडी दिसली, पांढऱ्या कापडातला लांब ऐवज दिसला, उशाशी डोळे मिटलेला माणूस दिसला, आणि बंड्या आपसूक बाजूला झाल्या. लोकांनी पागोटी काढली. किती दिवसांनी वऱ्हाडात कोणीतरी मेलं होतं! मूर्तिजापुरात तर एक म्हातारी बंडीबरोबर रडत चालू लागली.

"कोण होता रे बापा?"

"मास्तरायचाच हाय," चंद्रभान खाली मान घालून म्हणाला.

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला, मग नाकाला लावला, मग काढला. "पुण्यवान दिसते. मेल्यावर सांबाराचा वास येऊन राह्यला."

मेलेल्याच्या पायथ्याशी बसलेल्या पाच जणांना तो वास म्हातारीच्या आधीपासून येत होता. जानरावनं बडनेऱ्यालाच सुतळीची गाठ चाचपली होती. मूर्तिजापुरात पाय संपले. बोरगावपाशी मांड्या गेल्या. नियम मात्र मोडला नाही, नाव घेतल्याशिवाय कोणी घास घेतला नाही. आणि जेवढा माणूस कमी होई, तेवढा कापूस शेजारच्या बंड्यांतून ओढून धोतरात भरला जाई. बाहेरून लांबी तीच, गोलाई तीच. त्या काळच्या बाजारात राहिलेली पोरं ती. वर चांगला कापूस आणि आत कचरा भरायची रीत त्यांनी पाहिली होती. यांनी फक्त आत कापूस भरला, एवढाच काय तो प्रामाणिकपणा. अकोल्याच्या वेशीत बेंबी गेली. बेंबीच्या वरही थोडं गेलं. मास्तरांचे डोळे मिटलेलेच.

साहेबाचा बंगला. लांब टेबल. त्याच्यावर एक भलंमोठं पुस्तक, त्यात रंगीत चित्रं, गोठवून कापलेल्या माणसांच्या चकत्यांची. साहेब हिंदुस्थानी बोले, तीही घोड्यावर बसून बोलल्यासारखी. त्यानं एक पान उघडलं, काठी टेकवली आणि चंद्रभानला विचारलं, "ये क्या?"

चंद्रभाननं चित्र पाहिलं. कणा खाली, बेंबी वर, अगदी ताटासारखं. पण डावीकडे हा एवढा मोठा तपकिरी ऐवज. डावीकडे तर चटणी.

"पाणथरी, साहेब," तो म्हणाला. "भलतीच सुजली हाय. बिचारा वाचला नसन."

साहेबाच्या भुवया चढल्या. पुढचा आला, त्यानंही पाणथरी सांगितली. तिसरा, चौथा, तेच. शेवटी जानराव. त्यानं चित्राकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि दयेनं म्हणाला, "साहेब, तुमच्या माणसाचं ताट उलटं वाढलं. भरीत डावीकडे गेलं. वाढणारी नवी होती काय?"

साहेबानं पुस्तक मिटलं. तो रागीट नव्हता, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, ज्याला यकृत कोणीकडे ते ठाऊक नाही, त्याच्या हाती मी माणूस देणार नाही. मग वामनरावांकडे वळून म्हणाला, "वामनराव, टट्टू अब्भी जिंदा है." आणि जेवायला निघून गेला.

कंपाउंडातल्या निंबाखाली सगळे बसले. वामनरावांना आपल्या पाठीवरून थंड वारं जातंय असं वाटलं, मेळघाटातलं. पोरांना तर सगळं येत होतं! रडत रडत येत होतं, हसत हसत येत होतं, तोंडात घास धरून येत होतं. मग साहेबाचं पुस्तक खोटं? पण पुस्तक खोटं म्हणायला वामनराव म्हणजे काही जानराव नव्हते.

जानरावला दुःख झालं की भूक लागे. तो हळूच बंडीकडे गेला, पायथ्याची गाठ सोडली, आणि धोतरातून भसकन कापूस बाहेर पडला.

"अबे!" वामनराव उठून धावले. "माणूस कुठी गेला?"

पाचही जण निंबाच्या पानांकडे पाहू लागले.

"मास्तर," जानराव म्हणाला, "वरचा हाय. खालचा... रस्ता लंबा होता."

"नावं घेऊन खाल्ला, मास्तर," चंद्रभाननं आधार दिला. "आतड्यापर्यंत सगळी उजळणी झाली."

वामनरावांनी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तो हात तसाच वर राहिला, कारण त्यांची नजर बंडीत गेली होती. पायाकडून खात खात पोरं जिथे थांबली होती, तिथे माणसाचं उघडं, ताजं कापलेलं तोंड त्यांच्याकडे पाहत होतं. खाली शेवग्याची शेंग. वर बेंबीची बाजू. आणि भरीत डावीकडे!

वामनराव धावत उशाकडे गेले. मानेकडून आत डोकावून मनातल्या मनात पाहिलं: भरीत उजवीकडे. पुन्हा पायथ्याशी आले: डावीकडे. पुन्हा उशाकडे.

"मास्तर परदक्षिणा घालून राह्यले," नत्थुजी बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "घालू द्या. मेलेल्याले घालतेतच."

"अरे बाप्पा," वामनराव धापा टाकत म्हणाले, "आपुन वर्षभर उशाशी बसलो. अन् साहेब बसला पायथ्याशी! माणूस थोच हाय!"

साहेब जेवून आला तेव्हा टेबलावर पुस्तकाशेजारी पांढऱ्या कापडात काहीतरी होतं.

"ये क्या है?"

"मुडदा, साहेब," वामनराव म्हणाले.

साहेब दोन पावलं मागे गेला, मग नाक वर करून एक पाऊल पुढे आला. वामनरावांनी त्याला पायथ्याशी उभं केलं आणि कापड काढलं. साहेबानं सांबारवडी पाहिली. मग पुस्तकातलं चित्र पाहिलं. भरीत आणि यकृत, चटणी आणि पाणथरी, लाल मिरची, हिरवी मिरची, जिथल्या तिथे. मग वामनरावांनी सुरीनं एक चकती काढली, ताटात ठेवली आणि चंद्रभानपुढे धरली, वरचं तोंड वर करून. भरीत उजवीकडे. साहेबासमोर तीच चकती पालथी केली. भरीत डावीकडे. पुन्हा उलथली. पुन्हा पालथी केली.

"साहेब," ते म्हणाले, "बिमार माणूस खाटेवर असते. त्याच्या घरचे उशाशी बसतेत. माझे पोट्टे त्याच्या घरचे हायेत. पायथ्याशी उभं राहून त्यायनं कधी पाह्यलं नाई, अन् पायथा म्या त्यायले कधी दाखवला नाई. चूक माझी. त्यायले यकृत ठाऊक हाय."

साहेबानं जानरावला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. टेबल कुरकुरलं. साहेबानं त्याच्या उजव्या बरगडीखाली काठी टेकवली. "इधर सुरा घुसा. क्या कटा?"

"भरीत..." उरलेल्या तिघांतला एक म्हणाला. "म्हणजे यकृत, साहेब."

"इधर?" काठी डावीकडे मागे गेली.

"पाणथरी," चंद्रभान म्हणाला. "आणखी आत गेला तं जठर. तिरपा मधात गेला तं महाधमनी, अन् मग डाक्तर नाई, बामन बोलवा."

जानराव आडवा पडल्या पडल्या ओरडला, "साहेब, काठी जरा हलकी! हे भरीत माझं हाय."

मग साहेबानं पुस्तक उघडलं. एकेक पान उलटलं, आणि प्रत्येक पानाला पोरांनी आधी एकच प्रश्न केला: "उशाकडून का पायथ्याकडून, साहेब?" तो म्हणे पायथ्याकडून, आणि पोरं सरसर सांगत जात. मधेच साहेबानं लबाडी केली, एक चित्र उलटं धरलं, बेंबी खाली करून, कणा वर. चंद्रभाननं मान वाकडी केली आणि म्हणाला, "हा पायथ्याकडूनच हाय, पण पालथा निजला." साहेबानं पुस्तक मिटलं, आणि यावेळी मिटताना हसला. वर्ग राहील, म्हणाला. पुढच्या सालीही राहील.

वामनराव खुर्चीवर बसले. त्यांना कोणी बसा म्हटलेलं नव्हतं, पण पायांनी विचारलं नाही.

आता खरं तर गोष्ट इथे संपते. पण साहेबाला वास आवरेना. ताटातली ती चकती त्यानं उचलली. जानराव उठून बसला आणि कळवळून म्हणाला, "साहेब, पह्यले नाव घ्या, मग..." पण साहेबानं नाव न घेताच मोठा घास घेतला, नेमका कण्यासमोरचा.

पाचही पोरं एका आवाजात म्हणाली, "महाधमनी!"

साहेबाचा चेहरा आधी भरितासारखा झाला, मग मिरचीसारखा. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. बंगल्याबाहेर उभ्या असलेल्या लोकांना खिडकीतून एवढंच दिसलं, की टेबलावर पांढरं कापड आहे आणि साहेब त्याच्यापुढे उभा राहून ढसाढसा रडतोय. त्या दिवसापासून अकोल्यात त्या साहेबाचं नाव फार दयाळू म्हणून झालं. ते अजूनही आहे.

अमरावतीला बंडी परत आली तेव्हा पार्वताबाई दारातच होत्या. त्यांनी रिकामं धोतर झटकलं. थोडा कापूस उडाला.

"सारा संपवला?"

"पोट्ट्यायनं अर्धा. साहेबानं एक चकती."

"आवडली त्याले?"

"रडला."

पार्वताबाईंच्या कपाळाला आठी पडली. धोतराची घडी घालत त्या म्हणाल्या, "पुढच्या साली मिरची कमी टाकतो मग."

"नको," वामनराव घाईनं म्हणाले. "पुढच्या साली नवे पोट्टे येतीन. त्यायले ध्यानात राह्यली पाह्यजे."